दोनशे बारा गाठी

गाठमावशीची गाठ सुटली असं बंदरावर कोणी म्हणालं असतं, तर लोकांनी त्यालाच वेड्यात काढलं असतं. चाळीस वर्षं ती जाळी विणत आणि फाटकी जाळी सांधत आली होती. दोर ओला करायचा, पायाच्या अंगठ्याला अडकवायचा, एक टोक दातांत धरायचं आणि असा हिसका द्यायचा की बघणाऱ्याचेच दात आंबावेत. वाळली की ती गाठ खड्यासारखी घट्ट व्हायची. तरुणपणी गळ घुसून उजव्या हाताची तर्जनी ताठ झाली होती, म्हणून ती फास डावीकडून घ्यायची. अशी उलटी गाठ बंदरात दुसरं कोणी मारत नव्हतं. शेडमधल्या बायका चिडवायच्या, "मावशी, तुमच्या गाठीतून सुटले ते एकटे तुमचे यजमान!" यजमान जाऊन दहा वर्षं झाली होती. या चेष्टेला सगळ्यांत मोठ्याने मावशीच हसायची.

एकुलता एक मुलगा बोटीवर तांडेल होता. म्हणजे बोट त्याच्या शब्दावर चालायची, आणि काही बिनसलं की शिव्याही त्यालाच खाव्या लागायच्या. त्यांची मासळीची जागा लांब होती. वाटेत शेजारच्या देशाचं पाणी जिभेसारखं आडवं आलेलं. वळसा घालावा तर दोन दिवस जास्त. म्हणून दोन्हीकडच्या मोठ्या माणसांनी ठरवून दिलं होतं की बाबांनो, आमच्या पाण्यातून जा, पण वाटसरूसारखे जा. त्या नियमांचा एक कागद मच्छीमार सोसायटीच्या कचेरीत भिंतीवर चिकटवला होता. हद्दीत शिरण्याआधी वायरलेसवर कळवा. सरळ जा. इंजिन बंद पडलं किंवा कोणी बुडत असलं तरच थांबा. जाळं गुंडाळून झाकून ठेवा. आणि पाचवं, जाळ्याला लावायची वजनं आणि दोर जाळ्यापासून सोडवून वेगळे ठेवा. दुसऱ्याच्या अंगणातून जाताना हात पाठीमागे बांधून जावं, तसला प्रकार.

तो कागद नऊ वर्षं भिंतीवर होता आणि नऊ वर्षं मावशी त्याच्याखालून येत-जात होती. पहिली चार कलमं ठसठशीत अक्षरांत होती, ती तिला पाठ होती. पाचव्यापासून अक्षर बारीक व्हायचं. ते वाचायला चष्मा लागायचा आणि चष्मा नेहमी घरी असायचा.

तांडेल लोकांची पद्धत अशी की शिशाच्या वजनांचा जाड दोर जाळ्याला बांधायचा तो मासळीच्या जागी पोचल्यावर, आणि तोही सुरगाठींनी. ओढलं की सुटलं पाहिजे. येताना पुन्हा सोडून ठेवायचा. मागच्या हंगामात हेच बांधताना समुद्र उधाणला, बोट कलंडली आणि वजनांची माळ तांडेलच्या डाव्या हातावर आली. मधल्या बोटाचं टोक नखासकट गेलं. घरी आल्यावर त्याने ते बोट खिशात लपवून ठेवलं होतं. मावशीने खिशातून हात ओढून काढला, बघितला आणि दोन दिवस तिच्या घशाखाली घास उतरला नाही.

म्हणून यंदाचं नवं जाळं विणून झाल्यावर तिने मनाशी एक ठरवलं. पोराने आधीच बजावलं होतं, "आई, वजनं वेगळी दे हं." ती "बरं बरं" म्हणाली होती. पोरं म्हणतात आणि आया बरं म्हणतात, त्याला कोण विचारतो! सलग पाच दिवस शेडमध्ये बसून तिने वजनांचा दोर जाळ्याला जमिनीवरच बांधून टाकला. सुरगाठ नाही, निरगाठ. जाळ्याचा डोळाही गाठीत घेतला, म्हणजे दोर सरकायला नको. दोनशे बारा गाठी. मग सगळं ताडपत्रीत गुंडाळून वरून नऊ वेढे दिले. झाकून ठेवायचं असतं ना? घ्या, झाकलं. खलाशांनी तो गठ्ठा बोटीवर चढवला तेव्हा तांडेल बर्फ आणायला कारखान्यावर गेला होता. तिथे पोचल्यावर उघडेल आणि खूश होईल, एवढाच तिचा हिशोब.

बोट गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी सेक्रेटरीचं बोलावणं आलं.

सोसायटीचा सेक्रेटरी माणूस वाईट नव्हता, पण वाईट बातमी सांगायची असली की हातातलं पेन उघडत-मिटत बसायची त्याला खोड होती. मावशी आणि सून आत शिरल्या तेव्हा पेन टकटक वाजत होतं. ते ऐकूनच सुनेने दाराची चौकट धरली.

"जिवाला काही नाही," सेक्रेटरी आधी म्हणाला. "पाचही जण धडधाकट आहेत. पण पकडलंय. त्यांच्या गस्तीच्या बोटीने, त्यांच्या पाण्यात."

"पण जायला तर परवानगी आहे!" सून म्हणाली.

"जायला आहे, वहिनी. हे थांबले होते. वायरलेसवर कळवलंही नव्हतं. आणि जाळं उघडं, वजनं लावलेलं. म्हणजे टाकायच्या तयारीतलं. त्यांच्या पाण्यात मासेमारीचा प्रयत्न, असा गुन्हा लावलाय." त्याने फोन पुढे केला. "हा बघा फोटो. काय म्हणायचं आता? मोहात पडला असेल. माणूस आहे."

मावशीने फोन डोळ्यांपासून लांब धरला. बोटीच्या मधोमध जाळं पसरलेलं, भोवती पाच जण माना खाली घालून बसलेले. कोणाचंही समुद्राकडे लक्ष नाही. तिचा मुलगा उकिडवा बसला होता आणि त्याच्या हातात लोखंडी टोचा होता, दोराची गाठ उकलायला वापरतात तो. तिनेच दिलेला.

सेक्रेटरीला जाळं टाकायला निघालेली माणसं दिसत होती. मावशीला दिसलं ते वेगळंच. ती फरशीवर बसली. तो जाळं टाकत नव्हता. तो तिच्या गाठी सोडवत होता.

मग सगळा उलगडा आपोआप झाला. हद्दीच्या अलीकडे त्याने नियमाप्रमाणे गठ्ठा तपासायला उघडला असणार. आत बघतो तर वजनं बांधलेली. असं जाता येणार नाही म्हणून बोट तिथेच थांबवली. चाकूने कापावं तर जाळ्याचे डोळेही कापले जाणार, सगळं जाळं वाया. म्हणून पाचही जण टोचा, खिळा, नखं, मिळेल ते घेऊन बसले. वायरलेस करायचा तो सगळं आवरल्यावर, म्हणून तो राहिला. आणि सगळे खाली माना घालून बसलेले असताना प्रवाहाने बोट गुपचूप रेषेपलीकडे नेली.

"सेक्रेटरीसाहेब," ती म्हणाली, "वजनं मी बांधली."

पेन थांबलं.

"मावशी, तुमच्या मुलाने लेखी जबाब दिलाय. वजनं मी स्वतः बंदरातच बांधली, सवयीने चूक झाली, असं म्हणालाय. सही केलीय."

"खोटं आहे ते! बांधायची सवय त्याला नाही, मला आहे."

"अहो, मग तो खोटा ठरेल ना कोर्टात! आणि आईने येऊन सांगितलं तर कोण विश्वास ठेवणार? पोटच्या पोरासाठी आई काय वाटेल ते बोलते, तिथल्या न्यायाधीशालाही आई असेलच की." त्याने आवाज खाली आणला. "आणि जरा तुमचाही विचार करा. उद्या कोण देईल तुम्हाला जाळं सांधायला? तेवढ्यासाठीच त्याने सगळं अंगावर घेतलंय."

मावशीने कपाळावर हात मारून घेतला. आयुष्यभर आई पोराला वाचवत होती आणि पोरगा आईला, आणि दोघांनी मिळून पार वाटोळं केलं होतं.

पुढचे चार दिवस घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही. वजनं कोणी बांधली ते सुनेला कळलं होतं. भांडली असती तर बरं झालं असतं. ती भांडली नाही, नुसती भांडी आपटत राहिली. मावशी रोज सकाळी सोसायटीच्या बाकावर जाऊन बसायची. सेक्रेटरी दिसला की म्हणायची, "माझं म्हणणं तिकडे कळवा." तो म्हणायचा, "बघू." बघू म्हणणाऱ्या माणसाने आजवर काही बघितलंय? तिकडे सोसायटीने एक वकीलबाई लावली होती. गुन्हा शाबित झाला तर बोट जप्त, चौघांना प्रत्येकी दोन वर्षं आणि तांडेलला पाच, असं तिने कळवलं होतं. पाच वर्षं! मावशी बोटांवर मोजायची. आपण तेव्हा असू की नसू इथपर्यंत यायची आणि पुन्हा पहिल्या बोटापासून सुरू करायची. काय करावं हे तिला खरंच सुचत नव्हतं. देवाला हात जोडायचीही लाज वाटत होती.

पाचव्या दिवशी सून जेवणाचा डबा घेऊन सोसायटीत आली. डबा बाकावर आपटला आणि भिंतीवरच्या कागदासमोर उभी राहून मोठ्याने वाचायला लागली. "ऐका आई. पाचवं कलम. 'वजनं व दोर जाळ्यापासून सोडवून स्वतंत्र ठेवावेत.' नऊ वर्षं इथे आहे हे! एकदा चष्मा आणला असतात तर? एकदाच?"

"चुकलं गं माझं."

"चुकलं म्हणजे काय? तो तिकडे बसून तुमच्या गाठी सोड..." आणि सून मध्येच थांबली. "आई, किती सोडवल्या होत्या त्याने?"

"मला काय माहीत? फोटोत कुठे दिसतंय!"

"पण काही तरी सोडवल्या असतील ना? मासे मारायचे असते तर बांधलेली वजनं कशाला सोडली असती?" ती वळली आणि थेट सेक्रेटरीच्या टेबलाशी गेली. "वकीलबाईंना फोन लावा. आत्ता. नाही तर मी इथून हलत नाही, आणि मी यांच्यासारखी गप्प बसणारी नाही."

सेक्रेटरीने फोन लावला. शहाणा माणूस होता, वादळाचा अंदाज त्याला यायचा.

वकीलबाईने जप्त केलेलं जाळं तपासलं. दोनशे बारा जागांपैकी एकशे एकाहत्तर ठिकाणी गाठी होत्या, एक्केचाळीस जागा मोकळ्या. ती म्हणाली, हे चांगलं आहे, पण पुरेसं नाही. सरकारी वकील म्हणणार की एकशे एकाहत्तर बांधून झाल्या होत्या आणि उरलेल्या बांधायचं काम चाललं होतं. फोटोत माणूस गाठ बांधतोय की सोडतोय, कसं कळणार?

"गाठ माझी आहे," मावशी फोनवर ओरडली. "उलटी आहे! त्याला अशी येतच नाही! बोटीवर कोणालाच येत नाही! त्यांना सांगा, मला दोर द्या, मी बांधून दाखवते."

सुनावणी दोन दिवसांनी सकाळी अकराला होती, सोसायटीच्या कॉम्प्युटरवरून. पडद्यावर एक मोठी खोली, उंच खुर्चीवर न्यायाधीश, बाजूला दुभाषा, आणि खाली बाकावर पाच जण. मावशीने मुलाला नऊ दिवसांनी बघितलं. दाढी वाढली होती. तो पडद्याकडे बघतच नव्हता.

दुभाष्याने विचारलं, "ही वजनं कोणी बांधली?"

"मी. घरी. म्हणजे शेडमध्ये. तो म्हणाला होता वेगळी दे. मी ऐकलं नाही."

बाकावरून मुलगा एकदम म्हणाला, "आई, गप्प बस! तुला काही कळत नाही यातलं!"

दुभाषा घुटमळला. न्यायाधीशांनी खूण केली, तसं त्याने तेही भाषांतर करून सांगितलं.

"का बांधलीत?"

"त्याचं बोट बघा. डाव्या हाताचं मधलं. बघा ना! समुद्रात बांधताना गेलं ते. पुन्हा जायला नको म्हणून."

न्यायाधीशांनी हात दाखवायला सांगितला. तांडेलने मूठ वळली. शेजारच्या म्हाताऱ्या खलाशाने ती मूठ उघडून धरली.

मग दोर आणला गेला. टेबलावर, कॅमेऱ्यासमोर, मावशीने गाठ बांधायला घेतली आणि तिच्या हातांनी दगा दिला. फास डावीकडून घेतला, टोक ओढलं, आणि गाठ पडलीच नाही. दोर नुसता हातात आला. पुन्हा घेतला. पुन्हा तेच. पडद्यावर सरकारी वकील काही तरी बोलला, त्याचं भाषांतर कोणी केलं नाही आणि गरजही नव्हती. चाळीस वर्षांत कोणाला खोटी ठरवता आली नव्हती ती गाठ तिनेच खोटी पाडली होती. पोरगा गेला, तिच्या मनात आलं, आता पोरगा गेला.

"आई, खाली बसा," सून म्हणाली.

"काय?"

"टेबलावर कधी बांधलीय तुम्ही? खाली बसा. चप्पल काढा."

सुनेने कॅमेरा उचलून खाली धरला. मावशी फरशीवर बसली, दोर पेल्यातल्या पाण्यात बुडवला, पायाच्या अंगठ्याला अडकवला, टोक दातांत धरलं. परक्या देशाच्या न्यायाधीशासमोर भेगा पडलेला पाय पुढे करून तिने एकामागून एक पाच गाठी मारल्या. तिकडे वकीलबाईने जप्त जाळ्याचा दोर कॅमेऱ्याला लावला. सारखी. दुसरी. सारखी. मग चारही खलाशांना आणि तांडेलला दोर दिला. पाचही जणांनी बांधल्या त्या सरळ. वकीलबाईने मोकळ्या जागा दाखवल्या, तिथेही जाळ्याच्या धाग्यावर गाठीचा वळ उमटलेला होता. म्हणजे बांधलेल्या होत्या आणि सोडवल्या होत्या.

तांडेलने तेव्हा कुठे पडद्याकडे बघितलं. रागाने बघितलं की कसं, ते मावशीला चष्मा नसल्यामुळे दिसलं नाही. आजही घरीच राहिला होता.

निकाल चार दिवसांनी आला. सेक्रेटरीने वाचून दाखवला, पेन टकटक करत. मासेमारीचा गुन्हा शाबित नाही. बोट आणि चौघे मोकळे. पण जाळं नियमाप्रमाणे ठेवलं नव्हतं, कळवलं नव्हतं, थांबले होते, त्याबद्दल जाळं जप्त करून नष्ट करायचं आणि तांडेलला चार महिने.

"चार महिने," सून म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा थोडी धुगधुगी दिसली.

"पुढे आहे," सेक्रेटरी म्हणाला. "कोर्टात खोटा जबाब दिला, वजनं मी बांधली म्हणून. त्याबद्दल आणखी दहा. एकूण चौदा." त्याने कागद खाली ठेवला. "पाच वर्षं होणार होती. बोटही जाणार होती. थोडक्यात निभावलं म्हणायचं."

थोडक्यात! ज्याचं जळतं त्यालाच कळतं. आईने खरं बोलून पाच वर्षांचे चौदा महिने केले, आणि त्यातले दहा तिच्याच खऱ्यामुळे. बरं झालं म्हणावं की वाईट, हे तिला आजवर कोणी सांगू शकलेलं नाही, आणि ही गोष्ट सांगणाऱ्यालाही जमलेलं नाही.

बोट दुपारी धक्क्याला लागली. चार घरची माणसं आपापल्या माणसाला बिलगली. मावशी आणि सून बाजूला उभ्या राहिल्या. म्हातारा खलाशी, त्याला सगळे काका म्हणायचे, सगळ्यांत शेवटी उतरला आणि त्यांच्याकडे आला.

"वहिनी, हे बोटीचं सामान म्हणून परत मिळालं." त्याने फडक्यात गुंडाळलेला टोचा मावशीच्या हातात दिला. टोक वाकलं होतं.

"खूप वेळ लागला का हो?" मावशीने विचारलं.

"पहाटेपासून बसलो होतो. आमच्याने एकही सुटेना, त्यालाच जमत होतं. दहा वाजता गस्तवाले आले तेव्हा तो बेचाळिसाव्या गाठीवर होता. मी म्हटलं, काप रे बाबा, जाळं गेलं तर गेलं. तर म्हणाला, तिचे चार महिने गेलेत या जाळ्यात, कसं कापू?"

मावशीने टोच्याचं वाकलेलं टोक अंगठ्याने चाचपलं. मग म्हणाली, "शिव्या दिल्या का मला?"

"दिल्या की! गाठीगणिक एक." काका हसला आणि हसताना त्याचे डोळे भरले. "आणि मध्येच आम्हाला दाखवायचा. बघा म्हणे, म्हातारीच्या हातात अजून काय जोर आहे."

त्या संध्याकाळी मावशी शेडमध्ये जाऊन बसली. तिने हातभर दोर घेतला, ओला केला, अंगठ्याला अडकवला आणि एकच गाठ मारली. ती वाळेपर्यंत थांबली. मग वाकडा टोचा घेऊन ती सोडवायला लागली. चाळीस वर्षांत आपली गाठ तिने कधी सोडून बघितली नव्हती. टोचा आत शिरेना. दुसऱ्या बाजूने बघितलं, नखाने बघितलं, दाताने बघितलं. अंगठ्याचं नख उचकटलं. सून तिला जेवायला बोलवायला आली, तेव्हा अंधारून आलं होतं आणि गाठ होती तशीच होती.

"काय करताय आई?"

मावशीने दोर तिच्यापुढे धरला.

"मला एक सुटत नाही गं. त्याने एक्केचाळीस सोडवल्या."

सुनेने दिवा लावला, मावशीसमोर फरशीवर बसली आणि दोराचं दुसरं टोक हातात घेतलं.